पहिली फेरी मिस्त्रीची

फोन मी माझ्या कामासाठी केला होता, हे आधीच कबूल करतो. श्रावण संपत आला होता. सकाळी अंगणात गाडीखाली रोजच्यासारखा पुठ्ठा सरकवला, तर कालच्या पुठ्ठ्यावर तेलाचा रुपयाएवढा काळा डाग. सात वर्षांत पहिल्यांदा. मला चहाही गोड लागेना. मिऱ्या रस्त्यावरच्या सखामिस्त्रींच्या गॅरेजात फोन लावला आणि पलीकडून ‘हॅलो’ ऐकायच्या आतच सुरू झालो, “मिस्त्री, तुमचं पॅकिंग पाझरलं बरं का! नाव घालवलंत.” पलीकडून बाईचा आवाज आला, “मी सुलभा, त्यांची मुलगी. केळशीची. बाबा गेले, मास्तर... आज बारावा.” माझ्या तोंडात अजून ते थट्टेचं वाक्य होतं. ते गिळायला जागा सापडेना. शेवटी तीच म्हणाली, “सवड झाली की या. तुमची एक वस्तू आहे इथं.”

त्याला आता दीड महिना होऊन गेला. रत्नागिरीत अमुक एक गॅरेजवाला गेला ही काही पुरवणीत छापायची बातमी नव्हे, हे मला कळतं. पण मी तीस वर्षं मुलांना विज्ञान शिकवलं, दाब, बल, घर्षण फळ्यावर लिहून लिहून खडू संपवले. आणि त्या तिन्ही गोष्टी हातात असलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. त्याच्याबद्दल मी एक चुकीची गोष्ट चारचौघांत हसून सांगितली आहे. ती दुरुस्त केल्याशिवाय मला स्वस्थ बसवणार नाही.

ओळख झाली ती दोन हजार एक साली. तात्यांची, म्हणजे माझ्या वडिलांची, दोन्ही मूत्रपिंडं थकली होती आणि डॉक्टरांनी डायलिसिस सांगितलं होतं. आठवड्यातून दोनदा कोल्हापूर. रत्नागिरीहून कोल्हापूर म्हणजे मध्ये आंबा घाट. एस.टी.त तात्यांना बसवत नव्हतं, म्हणून एक सेकंडहँड डिझेल गाडी घेतली. मुख्याध्यापकांनी माझे तास फिरवून दिले. सगळं जमलं, आणि मग गाडी तेल गाळायला लागली. इंजिनचं तेल, थेंब थेंब. एका गॅरेजात खालच्या चेंबरचं पॅकिंग बदललं. दुसऱ्यात इंजिनाच्या मागचं ऑइल सील बदललं. आठ दिवस बरे जायचे आणि नवव्या दिवशी पुन्हा अंगणात काळं. घाटाच्या पायथ्याला साखरप्याला थांबून दर खेपेला मी तेल ओतायचो. घाटात चढावर तेलाचा दिवा क्षणभर लुकलुकला की माझे हात स्टिअरिंगवर घामेजायचे. शेजारी तात्या डोळे मिटून बसलेले. सुई टोचून टोचून हात काळानिळा झालेला. एकदा डोळे न उघडताच म्हणाले, “बंद पडली तर मला दरीकडच्या बाजूला बसव. निदान हिरवं बघत बसेन.” तात्यांचे विनोद असलेच. मला मात्र रडू यायचं राहिलं होतं एवढंच. गाडी घाटात जॅम झाली, मागे-पुढे कुणी नाही आणि तात्यांची डायलिसिसची वेळ टळत चाललीय, हे दृश्य मला वर्गात शिकवतानाही दिसायचं.

सखामिस्त्रींचं नाव शाळेच्या शिपायानं सुचवलं. “पण ते होड्यांचे हो,” असंही म्हणाला. खरंच होतं. माणूस मूळचा जयगडचा, घराणं मच्छीमारीतलं. तरुणपण सगळं मासेमारीच्या लाँचवर इंजिन सांभाळण्यात गेलेलं. पन्नाशीला गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा रस्त्यालगत चार वासे आणि कौलं घालून जमिनीवरच्या गाड्या बघू लागलेले. बुटके, रुंद, कानात अत्तराच्या फायाऐवजी खोचलेली पेन्सिल. मी जाऊन बॉनेट उघडणार तोच म्हणाले, “ऱ्हावंदे. झाकनाखाली काय बगायचा? आधी खालची जमीन बगू.” जमिनीवर पुठ्ठा सरकवून पाच मिनिटं नुसते उकिडवे बसून राहिले. मग म्हणाले, “मास्तर, गळनां वेगळां नि पाझरनां वेगळां. गळतां ता दिसतां. पाझरतां ता शोधूचा लागतां. ह्या पाझरतां हा.” मी आधीच्या दोन गॅरेजांची हकिगत सांगितली. त्यांनी मान हलवली. “त्यांनी डाग बगलो. डाग खाली असतां, जखम वर असते. जांभ्यात पानी कुटं मुरतां नि कुटं फुटतां, तसा.”

दुसऱ्या दिवशी ते आमच्या अंगणातच आले, कारण गाडी जिथे रोज उभी असते तिथेच ती खरं बोलते, असं त्यांचं मत. रॉकेल आणि ब्रशने इंजिनाची एक बाजू धुऊन काढली, फडक्यानं कोरडी केली आणि आईला हाक मारली, “काकू, वाईच तांदळाचां पीठ द्या.” आईला वाटलं, हात धुवायला हवंय. तिनं डबा आणून दिला. मिस्त्रींनी चिमूट नाकाशी नेली आणि परत केली. “ह्या आंबोळ्यांचां. मेथी हाय ह्येच्यात, पिवळां पडतां. तेलाचो डाग उटायचो नाय. निव्वळ तांदळाचां नाय काय?” निव्वळ होतं ते आईने संकष्टीच्या मोदकांसाठी धुऊन, सावलीत वाळवून, दळून आणून, वस्त्रगाळ करून फडताळात ठेवलेलं. आई कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. “अहो, नैवेद्याचं पीठ आहे ते! गाडीला फासू?” मिस्त्री जराही न हसता म्हणाले, “काकू, गनपती आयबापाभोवती फिरलो नि जिकलो ना? ही गाडी पन बापासाटीच फिरत्ये. तेचो तो रागवायचो नाय.” आई आत गेली आणि वाटी घेऊन आली. चांगली शीगोशीग भरलेली.

ते पीठ त्यांनी इंजिनाच्या कोरड्या अंगावर असं भुरभुरवलं, की लोखंड पांढरं झालं. मग गाडी सुरू करून आम्ही सगळे नुसते बघत बसलो. मी, आई, ओटीवर आरामखुर्चीत तात्या. इंजिनाच्या पंख्याच्या वाऱ्यानं उडून थोडं पीठ मिस्त्रींच्या भुवयांवर बसलं होतं. दहा मिनिटं गेली. पंधरा गेली. मी काहीतरी विचारायला तोंड उघडलं तर त्यांनी हातानंच थांबवलं. आणि मग त्या पांढऱ्यात, पार वरच्या अंगाला, जिथे तेलाचा फिल्टर ज्या भांड्यावर बसतो ते हाउसिंग इंजिनाला टेकतं, तिथे केसाएवढी बारीक एक रेघ ओली झाली. आमच्या डोळ्यांदेखत ती खाली उतरू लागली. इंजिनाच्या पोटावरून वळण घेत, मागे सरकत, नव्या ऑइल सीलपाशी आली आणि तिथे तिचा थेंब झाला. महिनाभर दोन गॅरेजं जिथे हात काळे करत होती, तिथे फक्त थेंबाचा मुक्काम होता. मी मुलांना केशाकर्षण शिकवलंय, काचेच्या नळ्या दाखवून. पण असा काटा माझ्या अंगावर कधी आला नव्हता. आई हळूच म्हणाली, “बघ रे, रांगोळी काढल्यासारखी...” तात्यांनी खुर्चीतूनच हात जोडले. कुणाला, ते मी विचारलं नाही.

पुढचं काम चार तासांचं. मी सुट्टी काढून शेजारी बसलो होतो, आणि खरं सांगायचं तर देखरेख करायला बसलो होतो. हाउसिंगचे पाच बोल्ट सुटले, भांडं हातात आलं. मधलं गॅस्केट, म्हणजे मिस्त्रींच्या भाषेत पॅकिंग, जळून पापडासारखं कडक झालं होतं आणि निम्मं इंजिनालाच चिकटून बसलं होतं. मी स्क्रू-ड्रायव्हर पुढे केला. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी तो परत पिशवीत टाकला. खिशातून त्यांनी बांबूची कामटी काढली. रॉकेलचं बोट फिरवायचं, थांबायचं, कामटीनं खरवडायचं. दीड तास. “लोकंडान खरवडलां तर ओरखडो पडतो. तेलाला तेवडी वाट पुरते,” म्हणाले. मी विचारलं, हल्ली ट्यूबमधलं ते सिलंट लावतात ना, ते का नाही लावत? “गोंद लावनारे पोस्टात असतत,” एवढंच उत्तर.

तयार गॅस्केट रत्नागिरीत मिळेना. मुंबईहून यायला आठ दिवस, आणि आमचं कोल्हापूर परवावर आलेलं. मिस्त्रींनी पॅकिंगच्या जाड कागदाचा ताव घेतला, हाउसिंगच्या तोंडावर ठेवला आणि छोट्या हातोडीनं कडेकडेनं टकटक सुरू केलं. मोजमाप नाही, कर्कटक नाही, पेन्सिल कानातच. धातूच्या कडेवर कागद अलगद ठोकला की तिथेच तुटतो, आतून भांड्याचा नेमका आकार उतरत जातो. टकटक इतकी हलकी की झाडावरची खारसुद्धा पळाली नाही. पाव तासात भोकांसकट अख्खं गॅस्केट त्यांच्या तळहातावर होतं. त्यांनी ते उजेडापुढे धरलं, एक फुंकर मारली. मग तसंच दुसरं कापलं आणि पिशवीत टाकलं. “हे कशाला?” मी विचारलं. “ऱ्हावंदे,” म्हणाले. बोल्ट आवळतानाही एक आवळून मग दुसरा असं नाही. समोरासमोरचे, थोडे थोडे, फेरीफेरीनं. “पंक्तीत सगळ्यांना सारकां वाढूचां, नायतर एक जन रुसतां.”

माझा स्वभाव संशयी. दुसऱ्या दिवशी ते नसताना मी तंत्रनिकेतनातल्या मित्राकडून टॉर्क रेंच आणला. बोल्ट किती जोरानं आवळलाय ते सांगणारा पाना, ठरलेल्या जोराला तो ‘टिक’ करतो. एकेक बोल्ट तपासला. पाचही बोल्टांना त्यानं एकाच आकड्यावर ‘टिक’ केलं, कुठला बोल्ट तसूभर हलला नाही. मित्र म्हणाला, “पाना बिघडलाय का रे?” पाना ठणठणीत होता. त्या दुपारी गाडीशेजारी उकिडवा बसून मी किती वेळ त्या पाच बोल्टांकडे बघत होतो कोण जाणे. देवळात गाभाऱ्यासमोर मला कधी असं झालं नाही, हे आईला मी अजून सांगितलेलं नाही.

आणि आता माझी चूक. कोल्हापूरला निघायच्या पहाटे मिस्त्री दारात हजर. धुतलेला सदरा, हातात पिशवी आणि एक लिंबू. “पयली फेरी माजी,” म्हणाले आणि मागच्या डाव्या सीटवर जाऊन बसले. मी विचारलं, “कोल्हापुरात काही काम आहे?” “हाय वाईच,” म्हणाले. मी मनात म्हटलं, बरं आहे, फुकटात कोल्हापूर! पालीपर्यंत ठीक होते. नाणीज सोडलं तसं लिंबू नाकाशी गेलं. साखरप्याला उतरून गाडीखाली आडवे झाले, हाउसिंगच्या सांध्यावरून बोट फिरवलं आणि ते बोट मला दाखवलं. कोरडं. घाट लागला आणि मिस्त्रींचा रंग उडाला. तीन वेळा गाडी थांबवावी लागली. रस्त्याच्या कडेला ते वाकलेले, ओकताहेत, आणि त्यांच्या पाठीवरून हात फिरवताहेत तात्या! ज्यांना मी धरून गाडीत बसवलं होतं ते. “सखाराम, दर्यावर्दी माणूस तू, आणि घाटात गार?” तात्या म्हणाले. मिस्त्री तोंड पुसत म्हणाले, “तात्यानू, दर्या हलतो, पन वळत नाय.” तात्या इतके हसले, की त्या आजारपणात तसे हसलेले मला दुसऱ्यांदा आठवत नाहीत. हे सगळं होऊनही प्रत्येक थांब्याला, तोंड धुतलं की, माणूस आधी गाडीखाली. बोट. कोरडं.

कोल्हापुरात तात्या आत असताना मिस्त्री दिवसभर दवाखान्याच्या फाटकापाशी गाडीला टेकून बसून होते. कुठे गेले नाहीत. परतताना तेच लिंबू, तेच थांबे. दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये मी ही कथा रंगवून सांगितली. समुद्रातला वाघ घाटात मांजर कसा झाला, फुकट प्रवासाची हौस कशी अंगाशी आली. लोक पोट धरधरून हसले. त्यानंतरही कित्येकदा सांगितली. त्यांच्यासमोर सुद्धा. तेही हसायचे.

ते गॅस्केट अडीच वर्षं आठवड्यातून दोनदा आंबा घाट चढलं आणि उतरलं. मी साखरप्याला तेल ओतायचं विसरून गेलो. दिवा पुन्हा लुकलुकला नाही. मिस्त्रींच्या सांगण्यावरून गाडीखाली पुठ्ठा मात्र रोज ठेवत होतो, आणि तो रोज तसाच उचलत होतो. तात्या गेले ते घरी, आपल्या खाटेवर, सकाळचा चहा घेऊन. माझी जी सगळ्यात मोठी भीती होती, की तात्या घाटात, रस्त्यावर, माझ्या हाताशी काही नसताना... तसं झालं नाही. भेटायला माणसं येत होती, तेव्हा मिस्त्री आले. सरळ अंगणात जाऊन गाडीखाली आडवे झाले, बाहेर आले आणि बोट माझ्यासमोर धरलं. “कोरडां हाय, मास्तर. आपल्याकडून नाय गळला.” सांत्वनाची इतकी वाक्यं ऐकली त्या दिवसांत, पण मी रडलो ते या वाक्याला.

सुलभाकडे गेलो तेव्हा हे सगळं डोक्यात होतंच. गॅरेज रिकामं होतं. भिंतीवर ओळीनं खिळे आणि प्रत्येक खिळ्याला एकेक जादा कापलेलं पॅकिंग, वर पेन्सिलीनं नाव. एका खिळ्याला माझ्या गाडीचं. त्यावर माझं नाव नव्हतं, गाडीचा नंबर नव्हता. लिहिलं होतं, ‘तात्या’. काहीतरी बोलायचं म्हणून मी तीच घाटाची गोष्ट काढली, लिंबाची. सुलभा हसली नाही. म्हणाली, “मास्तर, बाबांचं कोल्हापुरात काय काम असणार? ते त्याआधी कधी घाटावर गेलेच नव्हते. माझं लग्न ठरवतानासुद्धा कऱ्हाडचं स्थळ नको म्हणाले, घाट चढायला लागेल म्हणून. तुमच्याबरोबर जाऊन आल्यावर दोन दिवस अंथरुणात होते. अन्न ठरत नव्हतं.”

“मग आले कशाला?” मी विचारलं.

तिनं सांगितलं ते असं. जयगडला त्यांच्यात रीत होती, इंजिन ज्यानं उघडलं त्यानं पहिल्या फेरीला होडीतून जायचंच. दर्यात टोचन करून, ओढून आणायला कुणी नसतं. तरुणपणी एकदा शिमग्याच्या नादात सखाराम किनाऱ्यावर राहिला. त्यानंच दुरुस्त केलेलं इंजिन बाहेर खोल पाण्यात बंद पडलं. होडी दोन दिवस वाऱ्यावर होती. माणसं जिवंत परत आली, त्याला कुणी शब्दानं बोललंही नाही. पण ते दोन दिवस तो बंदरावर पाण्याकडे तोंड करून बसून होता. “तेव्हापासून बाबांनी पहिली फेरी चुकवली नाही. जमिनीवरच्या गाडीची पहिली फेरी गावातल्या गावात मारायचे. पण तुमच्या गाडीबद्दल म्हणाले, हिचा दर्या घाटात हाय. पॅकिंग मी कापलां, ता फाटलां तर मी तिथं नको?” सुलभानं ते पॅकिंग खिळ्यावरून काढून माझ्या हातात ठेवलं. “आणि तुम्ही ती गोष्ट लोकांना सांगता, हे त्यांना माहीत होतं. म्हणायचे, मास्तर गोष्ट झकास सांगतो.”

मला तिथे खाली बसावंसं वाटलं, आणि मी बसलो. शाळेत मी मुलांना सांगत आलो, की सिद्धांत मांडणारा आपल्या प्रयोगाला जबाबदार असतो. आणि जो माणूस आपल्या प्रयोगात स्वतः बसून, ओकत ओकत, घाट चढला, त्याला मी फुकट्या म्हणून हसलो. मिस्त्री, मी चुकलो. हे तुमच्या तोंडावर म्हणायला मला सात वर्षं मिळाली होती.

‘तात्या’ लिहिलेलं ते पॅकिंग घरी आणलं. दुसऱ्या कुणाकडे काम द्यायला मन होईना. मग गेल्या दोन रविवारी मी स्वतः गाडी उघडली. मिस्त्रींच्या चार तासांच्या कामाला माझे दोन रविवार लागले. कामटीनं खरवडताना बोटं सोलली. आईनं न मागता मोदकाच्या पिठाची वाटी बाहेर आणून ठेवली. नजर अधू झालीय तिची, पण डबा चुकली नाही. ‘तात्या’ लिहिलेली बाजू आत ठेवून पॅकिंग बसवलं, बोल्ट फेरीफेरीनं आवळले, पीठ भुरभुरवलं, पाऊण तास गाडी चालू ठेवली. रेघ उमटली नाही. तरी पहिली फेरी बाकी होती. आईला म्हटलं, “तू थांब, मी एकटा साखरप्यापर्यंत जाऊन येतो.” ती चपला घालून आधीच गाडीत बसली होती. “यात माझं पीठही आहे,” म्हणाली.

साखरपा सोडून पुढे गेलो. घाट पूर्ण चढून वर आंब्याला गाडी थांबवली. धुकं होतं. मी गाडीखाली आडवा झालो, गरम सांध्यावरून बोट फिरवलं आणि बाहेर आलो. मागच्या डाव्या सीटवर आईनं केव्हातरी एक लिंबू ठेवलेलं होतं. बोट अगदी कोरडं होतं. सवयीनं मी ते वर धरलं, आणि मग मला कळेना, दाखवायचं कुणाला.